क्यूओपी दुसऱ्यांदा पडला तर

मालगाडी कसारा सोडून घाट चढते आहे. चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा फारच खडा चढ, म्हणून मागूनही इंजिनं लावलेली असतात. अशा ठिकाणी पुढच्या इंजिनाचा मुख्य ब्रेकर आपोआप उघडतो, मोटरींचा जोर जातो आणि पॅनलवर एका रिलेचं लाल टार्गेट पडलेलं दिसतं. रिलेचं नाव क्यूओपी. मागच्या गाड्या खोळंबल्या आहेत, वॉकीटॉकीवर विचारणा सुरू झाली आहे. लोको पायलटने आता काय करायचं?

उत्तर त्याच्या बॅगेतल्या चोपड्यात असतं. टीएसडी. ट्रबल शूटिंग डिरेक्टरी. माझे बाबा कल्याणहून मालगाड्या चालवायचे, आणि आमच्या डोंबिवलीच्या घरात हे चोपडं डब्याच्या पिशवीइतकंच ओळखीचं होतं. तेलकट बोटांनी काळी झालेली पानं, रबरबँड लावून धरलेली. लहानपणी मला ती गुप्तहेरांची सांकेतिक भाषा वाटायची. डीजे ट्रिप झाला, क्यूओपीचं टार्गेट पडलं: पहिल्यांदा असेल तर रिसेट करा, डीजे लावा, गाडी काढा. पुन्हा पडला तर एचक्यूओपी ऑफ करा आणि पुढे चला, मात्र धूर-आग होते का यावर लक्ष ठेवा. क्यूएलएम पडला तर आधी ट्रान्सफॉर्मरकडे बघा, तेल उडालंय का, वास येतोय का. असं पानामागून पान. जर हे, तर ते. नसेल, तर पुढच्या ओळीवर जा.

या नावांचीही एक गंमत आहे. १९५७ साली भारतीय रेल्वेने २५ केव्ही एसी विजेवर जायचं ठरवलं तेव्हा फ्रेंच रेल्वे सल्लागार होती, आणि त्यांची लघुरूपं इंजिनाबरोबर इकडे आली ती राहिलीच. डीजे म्हणजे 'दिस्जाँक्तर', सर्किट ब्रेकर. जीआर म्हणजे 'ग्राद्युआतर', टॅप चेंजर. आमच्या बिल्डिंगमधले तीन काका रोज फ्रेंच बोलायचे आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. मुंबईच्या आसपास मात्र १९२५ पासून १५०० व्होल्ट डीसी होतं, आणि सगळं एसी व्हायला २०१६ उजाडलं. त्यामुळे बाबांच्या पिढीला दोन्ही शिकावं लागलं. दोन चोपडी, दोन प्रकारचे बिघाड.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी एआयचा पेपर होता. 'एक्स्पर्ट सिस्टिमची आकृती काढून तिचे भाग स्पष्ट करा' हा त्यातला हमखास येणारा प्रश्न. नॉलेज बेस, इन्फरन्स इंजिन, एक्स्प्लनेशन, युजर इंटरफेस. चार चौकोन, बाण, पाच मार्क. मी ती आकृती घोकत बसले होते आणि बाबा शेजारी चहा पीत होते. त्यांनी विचारलं, हे काय आहे. मी म्हटलं, तज्ज्ञ माणसाला जे माहीत असतं ते 'जर-तर' नियमांमध्ये लिहायचं, आणि मशीनने प्रश्न विचारत विचारत निदान करायचं. त्यांनी आत जाऊन टीएसडी आणून माझ्या वहीवर ठेवली.

मी ती त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचली आणि मला क्यूओपीचा नियम विचित्र वाटला. पहिल्यांदा रिसेट करा, दुसऱ्यांदा रिलेच बाजूला काढा? धोक्याची घंटा दोनदा वाजली म्हणून घंटा बंद करायची?

बाबांनी समजावलं. "पॉवर सर्किट इंजिनाच्या अंगापासून वेगळं ठेवलेलं असतं. कुठेतरी इन्शुलेशन गेलं आणि वायर बॉडीला लागली की क्यूओपी ओरडतो. कधीकधी नुसती ओल असते, धूळ असते, म्हणून पहिली वेळ माफ. दुसऱ्यांदा ओरडला म्हणजे खरंच कुठेतरी लागलंय. पण एकाच जागी लागलं असेल तर करंटला परत फिरायला वाट नाही, गाडी चालते. दुसऱ्या जागीही लागलं की झाला शॉर्ट."

"मग एचक्यूओपी ऑफ केल्यावर?"

"राखणदाराला झोपवलंस ना? आता राखण तुझी. म्हणून धूर बघत जायचं."

यातलं 'म्हणून' छापील ओळीत कुठेच नव्हतं. बाबांच्या प्रतीत ते समासात पेन्सिलीने लिहिलेलं होतं, त्यांच्या तिरक्या अक्षरात, पावसाळ्यात काय वेगळं बघायचं त्यासकट. छापलेलं सगळ्यांचं होतं. समासातलं बाबा निवृत्त झाले तेव्हा पिशवीतून घरी आलं.

ही गोष्ट फक्त आमच्या घरची असती तर मी लिहिली नसती. पण एक्स्पर्ट सिस्टिमचा सगळा इतिहासच मुळात या 'निवृत्त होणाऱ्या माणसा'भोवती फिरतो. आणि योगायोग म्हणजे त्यातल्या एका गाजलेल्या कहाणीत रेल्वेचं इंजिनच आहे.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिककडे डेव्हिड स्मिथ नावाचे एक इंजिनिअर होते. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनांच्या दुरुस्तीत चाळीसहून जास्त वर्षं काढलेले. कुठलं इंजिन कुणाला दाद देईनासं झालं की एक तर स्मिथना तिकडे न्यायचं किंवा इंजिन त्यांच्याकडे आणायचं. आता ते निवृत्तीला आले होते. कंपनीने त्यांच्याजवळ माणसं बसवली आणि त्यांच्या डोक्यातलं एकेक निदान नियमात उतरवलं. त्यातून 'डेल्टा' नावाची सिस्टिम झाली. १९८३ पर्यंत तिच्यात पाचशेच्या वर नियम होते. रिपेअर शॉपमधला फिटर स्क्रीनसमोर बसायचा, सिस्टिम विचारायची, इंधनाचं प्रेशर इतकं आहे का? हो की नाही? त्याला कुठला भाग म्हणतायत ते कळलं नाही तर व्हिडिओ डिस्कवरून चित्र दाखवायची. त्याच दशकात कॅम्पबेल सूप कंपनीने आल्डो चिमिनो या तंत्रज्ञाचं असंच केलं. सूपचे डबे निर्जंतुक करणारे कित्येक मजली उंच कुकर बिघडले की चिमिनो हेच औषध, आणि तेही निवृत्तीला आलेले.

या दोन गोष्टी तेव्हाच्या लेखांत फार कौतुकाने सांगितल्या जात. माणूस जाईल पण ज्ञान राहील, असा सूर. मला त्या वाचताना नेहमी पुढचा प्रश्न पडतो, जो पाठ्यपुस्तकात नसतो. ते तास-तास चाललेले इंटरव्ह्यू संपवून स्मिथ संध्याकाळी घरी जात असतील, तेव्हा जेवताना काय बोलत असतील?

ही लाट आपल्याकडेही आली होती, आणि आपल्यापासून फार लांब नाही, जुहूला. १९८६ साली सरकारने यूएनडीपीच्या मदतीने 'नॉलेज बेस्ड कॉम्प्युटर सिस्टिम्स' नावाचा प्रकल्प सुरू केला. बंगळुरूची आयआयएससी, आयआयटी मद्रास, टीआयएफआर अशा संस्था त्यात होत्या, आणि जुहूची एनसीएसटीही. (ती पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली.) एनसीएसटीत एक एक्स्पर्ट सिस्टिम शेल तयार झालं, त्याचं नाव 'विद्वान'. शेल म्हणजे रिकामं कवच. नियमांवरून निष्कर्ष काढणारं यंत्र तयार मिळतं, ज्ञान तुम्ही भरायचं. म्हणजे 'विद्वान'ला स्वतःला काहीच माहीत नसतं. नाव ठेवणाऱ्याला विनोदबुद्धी असावी असा माझा कयास आहे.

मग ही लाट ओसरली. कारणं पुष्कळ सांगतात. नियम हजारांच्या घरात गेले की एकमेकांच्या पायात येतात, एक बदलला की दुसरीकडे तिसरंच तुटतं. हे दुखणं कुठल्याही सॉफ्टवेअरवाल्याला वेगळं समजवायला नको. पण खरी अडचण एडवर्ड फायगेनबॉम या संशोधकाने तेव्हाच सांगून ठेवली होती: बाटलीची मान आहे ती ज्ञान गोळा करण्यापाशी. तज्ज्ञाला काय माहीत आहे ते तज्ज्ञालाही सांगता येत नाही. आणि कधीकधी, हे मी माझ्या पदरचं घालते, सांगायचं नसतं.

माझं ऑफिस ठाण्यात, वागळे इस्टेटमध्ये. काम प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्सचं. कंप्रेसर, पंप, मोठ्या मोटरी यांना सेन्सर लावायचे, कंपनं, तापमान, प्रेशर, करंट हे सगळं क्लाउडवर आणायचं आणि मॉडेलने सांगायचं की मशीन आजारी पडणार आहे. यात नियम कुणी लिहीत नाही. मॉडेल जुना डेटा बघून स्वतः शिकतं. एका प्रोजेक्टसाठी मी कल्याण-शीळ रस्त्याजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये महिनोन्महिने जात होते. मासळी, मटार, आइस्क्रीम, सगळं तिथे थंड व्हायला येतं. अमोनियाचे कंप्रेसर, वर गच्चीत कंडेन्सर आणि कूलिंग टॉवर, आणि उणे ४० अंशांचा ब्लास्ट फ्रीझर.

प्लांट रूममध्ये एक काका होते. ठेकेदाराच्या हजेरीपटावर. अमोनियात त्यांची एकतीस वर्षं गेलेली. पहिल्या दिवशी मी त्यांना टॅबवर डॅशबोर्ड दाखवला. एका कंप्रेसरच्या नावापुढे नारिंगी रंगात ०.८३ असं आलं होतं.

"म्हणजे काय, मॅडम?"

"बिघाडाची शक्यता जास्त आहे."

"कसला बिघाड?"

"ते मॉडेल सांगत नाही. काहीतरी नेहमीपेक्षा वेगळं आहे."

"का वाटतंय त्याला तसं?"

मी म्हटलं, तेही सांगता येणार नाही. त्यांनी टॅब माझ्या हातात परत दिला, अगदी अदबीने, जसा आपण दुसऱ्याचं लहान मूल परत देतो, आणि पाइपाला हात लावून बघायला गेले.

मॉडेलची बाजूही सांगायला हवी. बेअरिंग झिजायला लागलं की कंपनांमध्ये ठरावीक फ्रिक्वेन्सी उमटू लागतात, त्या माणसाच्या कानाला फार उशिरा कळतात. पुढच्याच महिन्यात एका मोटरचं बेअरिंग मॉडेलने दोन आठवडे आधी पकडलं, तेव्हा काकांनी ते उघडून बघितलं आणि नुसती मान हलवली. त्यांच्याकडून ती दाद होती. पण कंपनं हा सगळ्या प्लांटचा एक भाग झाला. बाकीच्या बिघाडांबद्दल मॉडेल नुसतं 'काहीतरी आहे' म्हणायचं, आणि रात्रपाळीचा पोरगा 'काहीतरी'चं काय करणार? तो अलार्म बंद करायचा.

म्हणून ठरलं की मॉडेलच्या जोडीला नियमही हवेत. चाळीस वर्षांपूर्वीची जुनीच गोष्ट, नव्या स्लाइडवर. आणि नियम मिळवायचं काम माझ्याकडे आलं.

आठवड्यातून दोन दिवस, दुपारी पाळी बदलताना, कंप्रेसरच्या आवाजापासून जरा लांब, जिन्याच्या पायरीवर आम्ही बसायचो. सुरुवातीला काकांचं प्रत्येक उत्तर 'ते बघितल्यावर कळतं' असं असायचं. मग मी प्रश्न बदलला. काय करायचं ते विचारणं सोडलं आणि मागच्या वेळी काय झालं होतं ते विचारू लागले. तिथून झरा फुटला.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला आजही सगळ्यात आवडते. कंडेन्सरचं प्रेशर वाढलं की कारणं चार-पाच: टॉवरचा फॅन बंद, पाणी कमी, नळ्यांवर क्षार, किंवा आत हवा शिरलेली. हवा कशी ओळखायची? काका म्हणाले, "अमोनियाच्या प्रेशरचं आणि तापमानाचं लग्न लागलेलं असतं. १४ किलोला ३८ अंश. आता गेज बघायचा आणि कंडेन्सरमधून लिक्विड बाहेर येतं त्या पाइपाला हात लावायचा. ३८ असेल तर हाताला कोमट लागतं. गेज १४ म्हणतोय आणि हाताला काहीच कळत नाही, म्हणजे पाइप अंगाएवढाच गार, तर ते प्रेशर एकट्या अमोनियाचं नाही. तिसरं कुणीतरी घरात शिरलंय."

आणि ते तिसरं शिरतं कुठून? उणे ४०चा फ्रीझर चालवताना सक्शनच्या बाजूचं प्रेशर बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतं, कारण अमोनिया साध्या हवेच्या दाबाला उणे ३३लाच उकळतो. मग एखादं सील सैल असेल तर अमोनिया बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. गळती असून वास येत नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकात डाल्टनचा नियम होता, आंशिक दाबांची बेरीज. काकांच्या तळहातावर तोच होता.

तर नियम असा झाला: जर डिस्चार्ज प्रेशर १४ किलो किंवा जास्त, आणि लिक्विड लाइनचं तापमान ३५च्या खाली, तर हवा शिरली आहे, पर्ज करा. त्याच्याखाली कारण. मी प्रत्येक नियमाला कारण लिहीत होते. स्टॅनफर्डमध्ये १९७०च्या दशकात 'मायसिन' नावाची सिस्टिम होती, रक्तातल्या जंतुसंसर्गाचं निदान करणारी. ती प्रश्न विचारायची तेव्हा डॉक्टरला उलट 'का?' असं टाइप करता यायचं, आणि मग ती आपण कुठल्या नियमावर आहोत आणि काय तपासतो आहोत ते सांगायची. ती कधी प्रत्यक्ष दवाखान्यात वापरली गेली नाही, पण तेवढी एक सोय मला आजच्या कित्येक मॉडेलांपेक्षा शहाणी वाटते. आमच्या स्क्रीनवर मी मराठीत एक बटण ठेवलं: 'का?' सगळ्यात जास्त दाबलं जाणारं बटण तेच आहे. बाबांच्या टीएसडीचा समास मी आयताच उचलला होता.

साठेक नियम झाले असतील, तेव्हा एक दिवस काका बोलता बोलता थांबले.

"एक विचारू, मॅडम? हे सगळं तुम्हाला सांगून झाल्यावर माझं काय?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि मी तसंच सांगितलं. त्यांचं काँट्रॅक्ट वर्षावर्षाचं होतं. डेव्हिड स्मिथ कंपनीचे माणूस होते. त्यांचं नाव लेखांत छापून आलं, आजही येतं, हे बघा मीही लिहिलं. काकांचं नाव ठेकेदाराच्या रजिस्टरमध्ये होतं, तेही स्पेलिंग चुकवून. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनी त्यांना आधीच बजावलं होतं की तोंड बंद ठेव, तुझी किंमत तुझ्या न सांगण्यातच आहे. आणि मला हे म्हणणं चुकीचं वाटत नाही. जो माणूस केव्हाही काढला जाऊ शकतो त्याच्याकडे गुपित सोडून दुसरं भांडवल कुठे असतं? आम्ही ऑफिसात 'नॉलेज कॅप्चर' असा शब्द वापरतो. कॅप्चर. पकडून आणल्यासारखं.

पुढचे दोन आठवडे काका मला भेटले नाहीत. काम आहे म्हणायचे. मग स्वतःच आले पायरीवर.

"माझ्या उस्तादाने मला अर्धंच सांगितलं," ते म्हणाले. "उरलेलं त्याच्याबरोबर कुर्ल्याच्या कब्रस्तानात गेलं. ते शोधायला मला दहा वर्षं लागली, आणि एकदा अमोनियाने डोळे जायची वेळ आली. सांगतो मी. पण प्रत्येक नियमाखाली माझं नाव टाका. उस्तादाने सांगितलेलं असेल त्याखाली त्याचं."

डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवणं हे पाच मिनिटांचं काम. तो कॉलम टिकवायला तीन मीटिंगा लागल्या. नियम सिस्टिमचा असतो, माणसाचा नसतो, उद्या चुकला तर कुणाची जबाबदारी, क्लायंटला आवडणार नाही, असं सगळं झालं. भावनेचा मुद्दा तिथे चालला नसता हे मला दिसत होतं, म्हणून मी ऑडिटचा मुद्दा मांडला: दोन नियमांची टक्कर झाली तर कुणाला विचारायचं हे सिस्टिमला माहीत असलं पाहिजे. हे खरंही होतं. कॉलम राहिला. आता स्क्रीनवर नियम, कारण, सांगणारा आणि तारीख अशा चार ओळी दिसतात. सतरा नियमांखाली उस्तादांचं नाव आहे.

बाबांना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, यात मोबाइल नंबर का नाही. मी हसले. ते गंभीरपणे म्हणाले, चोपडं वाचून झालं की आम्ही शेडला विचारायचो. नव्या थ्री-फेज इंजिनांत तर स्क्रीनच सांगते काय झालं, बीपीएफए दाबून मेसेज वाचायचा, काहीच सुधरलं नाही तर एमसीई बंद करून चालू करायची. तरी शेडला विचारतातच.

एप्रिलमध्ये ठेकेदार बदलला. नव्याने तरुण पोरं ठेवली, कमी पगारात. काकांना ठेवलं नाही. आमच्या सिस्टिममुळे ठेवलं नाही असं कुणी म्हटलं नाही. तिच्यामुळे नाही असंही कुणी म्हटलं नाही. काका आता कल्याण पूर्वेला घरी असतात, आणि उल्हासनगरच्या एका बर्फाच्या कारखान्यात अधूनमधून जातात.

जुलैत एका रात्री दोनच्या सुमाराला डिस्चार्ज प्रेशर चढायला लागलं. मी हे दुसऱ्या दिवशी लॉगमध्ये वाचलं आणि मग त्या पाळीच्या पोराकडून ऐकलं. बाविसाव्या वर्षी एवढा मोठा प्लांट एकट्याने सांभाळत होता तो. सिस्टिमने क्रमाने विचारलं. टॉवरचा फॅन चालू आहे का? हो. मोटरचा करंटही नीट होता. पंप चालू आहे का? हो. पाणी आहे का? आहे. लिक्विड लाइनचं तापमान? ते प्रेशरला शोभेल असंच वाढलेलं होतं, म्हणजे हवा नाही. मग शेवटची ओळ: नळ्यांवर क्षार साचले असावेत, लोड कमी करा आणि सफाई लावून घ्या. प्रेशर १६च्या वर गेलं होतं. लोड कमी करायचा म्हणजे रात्रीत आलेली मासळी तशीच राहणार.

पोराने 'का?' दाबलं. कारण वाचलं. खाली नाव होतं. नंबर त्याच्याकडे कुठून आला मला माहीत नाही, पोरांकडे असतात. त्याने काकांना उठवलं.

काकांनी प्रेशर वगैरे काही विचारलंच नाही. पहिला प्रश्न: "आज टॉवरला कुणी हात लावला होता का?"

लावला होता. फॅनची मोटर रिवाइंड होऊन दुपारी परत आली होती, संध्याकाळी इलेक्ट्रिशियनने बसवली होती.

"वर चढ. पाऊस असला तरी चढ. फॅनवर हात धर लांबूनच. हवा वर फेकतोय का बघ."

फॅन हवा खाली ढकलत होता. दोन वायरींची अदलाबदल झाली की थ्री-फेज मोटर उलटी फिरते. फिरत होतीच, करंटही नीट घेत होती, म्हणून सेन्सरला आणि नियमाला दोघांनाही ती चालू दिसत होती. पोराने फॅन बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने वायरी बदलल्या, तासाभरात प्रेशर खाली आलं.

मी त्या आठवड्यात नियमातला प्रश्न बदलला. 'फॅन चालू आहे का?' याच्यापुढे 'हवा वर जाते आहे का?' आणि त्याआधी आणखी एक: 'आज कुणी काही काढलं-घातलं का?' माझ्या मते सगळ्या यादीत हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे, आणि तो कुठल्याही सेन्सरला विचारता येत नाही. 'सांगणारा' या रकान्यात काकांचं नाव घातलं. त्या रात्रीच्या फोनचे त्यांना काही द्यावेत म्हणून मी क्लायंटला ईमेल केला. त्याचं उत्तर अजून यायचं आहे. दुसरा ईमेल गेला आहे.

नियम टाकल्याचा स्क्रीनशॉट मी काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. मला वाटलं, पैशांचं विचारतील.

"मॅडम, त्या पोराचं पण नाव टाका खाली," ते म्हणाले. "पावसात वर तोच चढला होता."